वाचकांचे प्रश्न : मोटारसायकलची बॅटरी आणि खान्देशचा उन्हाळा

उन्हाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून सकाळी गाडी सुरू न होण्याच्या तक्रारी येऊ लागतात आणि त्यांतील बहुतेक पत्रांचा शेवट 'कोणत्या कंपनीची बॅटरी घ्यावी?' या प्रश्नाने होतो. कंपनीचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. बॅटरी खरोखर गेली आहे का, आणि गेली असेल तर कशाने गेली, हे आधी मोजून पाहिले पाहिजे. कारण ज्या दोषाने जुनी बॅटरी गेली तो दोष गाडीत तसाच राहिला, तर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाणार. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात छापली आहेत.

प्रश्न : भाऊ, माझा दुधाचा व्यवसाय आहे. रोज पहाटे गावाहून अमळनेर शहरात येऊन घरोघर रतीब घालतो. गाडी १२५ सीसीची, बीएस-६ आहे. ड्राय बॅटरी वर्षभरही टिकत नाही. नवी टाकली तरी काही महिन्यांत सेल्फ उचलत नाही, नुसता टक-टक आवाज येतो. गॅरेजवाले म्हणतात बॅटरी गेली, दुकानदार म्हणतात गाडीतच दोष आहे. कोणाचे खरे मानावे?
— एक दूधविक्रेते, अमळनेर तालुका

उत्तर : दोघांचेही म्हणणे मोजल्याशिवाय मानू नये. काहीशे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर आपल्यासारख्या रोज गाडीवर पोट असलेल्या माणसाच्या घरी असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत आधी साइड पॅनल काढून बॅटरीची दोन्ही टर्मिनले नीट पाहावीत. टक-टक हा आवाज सेल्फच्या रिलेचा असतो. रिलेला ओढून घेण्यापुरता करंट मिळतो, पण मोटर फिरवण्याइतका मिळत नाही, असा त्याचा अर्थ. त्याचे कारण उतरलेली बॅटरी असू शकते, तसेच सैल स्क्रूही असू शकतो. वायरीची टिकली बोटाने हलत असेल, तिच्याखाली पांढरी किंवा हिरवट भुकटी जमली असेल, तर बॅटरी चांगली असूनही सेल्फ उचलणार नाही. आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर सोडवून, खाण्याचा सोडा कालवलेल्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने टर्मिनल स्वच्छ करावे, कोरडे पुसावे, आधी पॉझिटिव्ह आणि मग निगेटिव्ह वायर घट्ट बसवावी आणि वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. हा क्रम पाळण्याला कारण आहे : निगेटिव्ह वायर चेसीला जोडलेली असते, त्यामुळे ती जोडलेली असताना पॉझिटिव्हचा स्क्रू सोडताना पाना चेसीला लागला तर थेट शॉर्ट होतो.

त्यानंतर तीन मापे घ्यावीत. पहिले माप गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, पहाटे चावी लावण्यापूर्वी घ्यायचे. चांगली, पूर्ण भरलेली ड्राय बॅटरी १२.८ व्होल्ट किंवा किंचित अधिक दाखवते. साधारण १२.४ व्होल्ट आले तर ती तीन चतुर्थांशाच्या आसपास भरलेली आहे, १२.२ ला निम्मी राहिली आहे आणि १२ च्या खाली ती जवळपास रिकामी आहे. दुसरे माप सेल्फ दाबताना घ्यायचे. मीटरचे टोक टर्मिनलला लावून ठेवावे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. आकडा क्षणभर खाली जातो, पण बॅटरी भरलेली असताना तो १० व्होल्टच्या आसपास टिकायला हवा. आधी १२.७ दाखवणारी बॅटरी सेल्फ दाबताच आठ-नऊवर कोसळत असेल, तर तिची ताकद गेली आहे आणि गॅरेजवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे.

तिसरे माप सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच घेतले जात नाही. इंजिन सुरू करून थोडी रेस द्यावी, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांच्या दरम्यान, आणि बॅटरीवरचा व्होल्टेज पाहावा. तो साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असावा. रेस देऊनही तो १२.५ वरून हलत नसेल तर बॅटरीला चार्जिंगच मिळत नाही. मग दोष वीज तयार करणाऱ्या मॅग्नेट कॉइलमध्ये, ती वीज बॅटरीजोगी करून व्होल्टेज आटोक्यात ठेवणाऱ्या आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटमध्ये किंवा त्या दोघांना जोडणाऱ्या कपलरमध्ये आहे. तो कपलर उघडून अवश्य पाहावा. कॉइलकडून येणाऱ्या एकसारख्या रंगाच्या वायरींपैकी एखादीची पिन काळी पडलेली आणि तिच्याभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेले दिसले, तर दोष तिथेच सापडला असे समजावे. पिन सैल झाल्यामुळे तापून तो भाग करपतो. याउलट रेस देताच व्होल्टेज १५ च्या पुढे जात असेल तर आरआर युनिट निकामी झाले आहे आणि ते बॅटरीला जादा चार्ज करून आतून सुकवत आहे. ड्राय बॅटरीत पाणी भरायची सोय नसते, त्यामुळे गेलेले पाणी परत येत नाही. अशा गाडीत कितीही महागाची बॅटरी टाकली तरी ती फार काळ टिकणार नाही.

समजा, ही तिन्ही मापे योग्य आली. तरीही आपल्या कामाची पद्धतच बॅटरीला जड जाणारी आहे, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आपण दर चार घरांमागे गाडी बंद करता आणि पुन्हा सेल्फ मारता. सेल्फ मोटरने दोन सेकंद ६० अँपिअर घेतले असे धरले, तर ते १२० अँपिअर-सेकंद झाले. गल्लीतल्या संथ वेगात बॅटरीला जेमतेम अर्धा अँपिअर परत मिळत असेल, तर एका सेल्फची भरपाई व्हायला किमान चार मिनिटे लागतील. आपण त्याआधीच पुढच्या घरी थांबलेले असता. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाइट सतत सुरू ठेवण्याची व्यवस्था सक्तीची आहे, म्हणजे कमी फेऱ्यांवर तयार होणाऱ्या विजेतला मोठा वाटा दिव्यालाच जातो. तेव्हा गाडीला किक असेल तर गल्लीत किकच वापरावी आणि आठवड्यातून एकदा योग्य चार्जरवर बॅटरी पूर्ण भरून घ्यावी.

मात्र किक आहे म्हणून बॅटरीकडे दुर्लक्ष करणे आता परवडत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण निकषांनंतर बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. पेट्रोलचा पंप आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा ईसीयू हे दोन्ही विजेवर चालतात. बॅटरी पार बसली तर किक मारून किंवा धक्का देऊनही अशी गाडी सुरू होईलच असे नाही.

प्रश्न : रेल्वेतून निवृत्त होऊन मी भुसावळला स्थायिक झालो आहे. माझ्याकडे जुनी ३५० सीसीची बुलेट आहे, तिला १२ व्होल्टची, १४ अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी लागते. रविवारी आणि कधी अधूनमधून गाडी काढतो. आता बॅटरी बदलायची आहे. पुण्यातला मुलगा म्हणतो, 'बाबा, लिथियम घ्या, हलकी असते आणि अनेक वर्षे चालते.' दुकानदार जेल म्हणतो. मी आजवर पाण्याचीच वापरली. काय घ्यावे?
— एक ज्येष्ठ वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते पुण्याच्या हवेला अधिक लागू पडते. बॅटरी निवडताना गाडी, तिचे चार्जिंग, तिचा वापर आणि आपल्याकडचा उन्हाळा या चारही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

आपण वापरत आलेली पाण्याची बॅटरी म्हणजे शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांची सहा खणांची रचना. प्रत्येक खण साधारण २.१ व्होल्टचा. फ्रान्सच्या गास्तोन प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-आम्लाची पहिली बॅटरी बनवली, आणि तिचे मूलतत्त्व आजही तेच आहे. तिचा दोष असा की पाण्याची पातळी पाहावी लागते, ती आडवी करता येत नाही आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात, सोबत आम्लाचे बारीक तुषारही येतात. तिच्या बाजूची हवानळी वाकली किंवा साखळीवर सोडली गेली, तर चेसी आणि साखळी दोन्ही गंजतात. पण तिचा एक गुण आपल्याकडे फार मोलाचा आहे : उन्हाने उडालेले पाणी परत भरता येते. जो माणूस नियमाने झाकणे उघडून पाहतो, त्याच्या हाती ही बॅटरी भुसावळच्या उन्हाळ्यातही चांगली चालते.

ड्राय बॅटरी, म्हणजे एजीएम प्रकारची बॅटरी, हीसुद्धा शिसे-आम्लाचीच असते. फरक इतकाच की तिच्यातले आम्ल दोन पट्ट्यांमधील बारीक काचतंतूंच्या चटईत, कापसाच्या वातीने तेल धरून ठेवावे तसे शोषलेले असते. चार्ज होताना तयार होणारे वायू आतल्या आत पुन्हा पाणी बनतात, म्हणून पाणी भरावे लागत नाही. ती सांडत नाही, हादरे चांगले सोसते आणि उभी गाडी ठेवली तरी पाण्याच्या बॅटरीपेक्षा हळू उतरते. मात्र जादा चार्जिंग आणि उष्णता यांपुढे ती असहाय असते. बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरीबाबत एक ढोबळ नियम मानला जातो : २५ अंशांच्या वर तापमान सतत आठ ते दहा अंशांनी अधिक राहिले, तर आयुष्य जवळपास निम्मे होते. भुसावळला मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा इंजिनाशेजारच्या बंद पेटीत बॅटरीचे काय होत असेल याचा अंदाज आपण करू शकाल.

जेल बॅटरीत आम्ल सिलिकाच्या साहाय्याने घट्ट केलेले असते. पुष्कळ ठिकाणी एजीएम बॅटरीलाच जेल म्हणून विकले जाते, तेव्हा दुकानदाराच्या शब्दापेक्षा लेबल वाचावे. खऱ्या जेल बॅटरीला चार्जिंगचा व्होल्टेज अधिक काटेकोर लागतो. तो वाढला तर जेलमध्ये पोकळ्या पडतात आणि त्या भरून निघत नाहीत. जुन्या गाडीसाठी मी ती सुचवणार नाही.

आता लिथियमविषयी. मोटारसायकलसाठी मिळणाऱ्या चांगल्या लिथियम बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या असतात; चार सेल मिळून १२.८ व्होल्ट. वजन शिशाच्या बॅटरीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, स्वतःहून उतरण्याचे प्रमाण अत्यल्प, आणि योग्य वापर झाला तर आयुष्यही दीर्घ. शर्यतीच्या गाड्यांना हे सारे लागते. पण अशा बॅटरीला १४.६ च्या वरचा व्होल्टेज सोसत नाही, आणि आपल्या बुलेटचे रेग्युलेटर इतके काटेकोर असेलच याची खात्री मोजल्याशिवाय देता येत नाही. अनेक लिथियम सेलांच्या माहितीपत्रकांत चार्जिंगसाठीच्या तापमानाची वरची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास दिलेली असते. ती मर्यादा आपल्याकडे गाडी उभी असतानाच गाठली जाते. शिवाय काही उत्पादक लेबलवर शिशाच्या बॅटरीशी तुलना करून मोठा अँपिअर-अवरचा आकडा छापतात आणि प्रत्यक्ष क्षमता त्याहून बरीच कमी असते. त्या बॅटरीला वेगळा चार्जर लागतो, आणि किंमत तर कितीतरी अधिक असते. जड बुलेटचे चार किलो कमी व्हावेत म्हणून हे सारे ओढवून घेणे मला पटत नाही.

सारांशाने नव्हे, तर स्पष्ट सल्ला म्हणून लिहितो : आपला हात पाण्याच्या बॅटरीवर बसलेला आहे आणि झाकणे उघडून पाहण्याचा कंटाळा नाही, तर पुन्हा तीच घ्यावी. गुडघ्याच्या किंवा दृष्टीच्या त्रासाने वाकून पाहणे जमत नसेल, तर आधी रेस देऊन व्होल्टेज १४.५ च्या आत राहतो याची खात्री करावी आणि मग ड्राय बॅटरी घ्यावी.

खरेदी करताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. बॅटरीची लांबी-रुंदी-उंची ट्रेमध्ये बसणारी हवी, आणि पॉझिटिव्ह टर्मिनल ज्या बाजूला होते त्याच बाजूला हवे; उलट बाजूला असेल तर वायर ताणली जाते किंवा घाईत उलटी जोडली जाते, आणि उलटी जोडणी आरआर युनिटला घेऊन जाते. कमी अँपिअर-अवरची बॅटरी कधीही बसवू नये. थोडी अधिक क्षमतेची ट्रेमध्ये बसत असेल तर चालते, पण त्यामुळे कॉइलची वीज वाढत नाही हे लक्षात ठेवावे. तिसरे, बॅटरी दुकानात आम्ल भरून किती महिने पडून आहे हे उत्पादनाच्या तारखेवरून पाहावे आणि दुकानातच मीटर लावायला सांगावे. कोरडी येणारी बॅटरी आपल्यासमोर आम्ल भरून देत असतील तर ती लगेच गाडीत बसवू देऊ नये. आम्ल मुरायला अर्धा तास द्यावा आणि पहिले चार्जिंग पूर्ण करून घ्यावे. घाईच्या दुकानात पहिले चार्जिंग अर्धवट सोडतात, आणि अशा बॅटरीची क्षमता पुढेही पूर्ण मिळत नाही.

प्रश्न : आमच्या घरी आरओ मशीन आहे. ते पाणी बॅटरीत टाकले तर चालते का? काही जण एसीच्या नळीतून टिपकणारे पाणी वापरतात. पाणी कमी झाल्यावर थोडे ॲसिडही टाकावे, असे आमच्या गावातला मेकॅनिक सांगतो.
— केळी उत्पादक शेतकरी, सावदा परिसर

उत्तर : तिन्ही गोष्टी करू नयेत. आरओचे पाणी पिण्यास योग्य असले तरी त्यात क्षार शिल्लक असतात, आणि बॅटरीत केवळ पाणी उडते, क्षार मागे राहून साठत जातात. एसीचे पाणी तांब्या-ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरून धूळ धुऊन येते. धातूचा अंशही बॅटरीच्या पट्ट्यांना घातक असतो. बॅटरीच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक आयएस १०६९. बाटलीवर तो उल्लेख पाहून डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. ते अत्यंत स्वस्त मिळते.

ॲसिड टाकण्याचा सल्ला तर बॅटरीच्या मुळावर येणारा आहे. बॅटरीतून उडते ते पाणी. आम्ल आतच राहते. वरून आम्ल टाकले की त्याची तीव्रता वाढते आणि पट्ट्या लवकर झिजतात. बॅटरी सांडून आम्ल खरोखरच कमी झाले असेल, तरच जाणकाराकडून ते योग्य तीव्रतेचे भरून घ्यावे.

पाणी भरताना बाहेरच्या वरच्या आणि खालच्या रेषांमध्ये पातळी ठेवावी, शक्यतो चार्जिंग झाल्यानंतर. कारण चार्ज होताना पातळी वाढते आणि आधीच काठोकाठ भरलेले आम्ल बाहेर येते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतके पाणी आधी टाकून मगच चार्जिंगला लावावे. एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी पातळी पाहावी. सहाही खणांत पाणी सारखे उडाले असेल तर उष्णता किंवा जादा चार्जिंग हे कारण. एकाच खणात सतत कमी होत असेल तर तो खण आतून खराब होत आहे किंवा कवचाला चीर आहे. आम्लाची घनता दाखवणारा हायड्रोमीटर मिळाला तर प्रत्येक खणाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) पाहावे. भरलेल्या बॅटरीत ते उत्पादकानुसार १.२४ ते १.२८ च्या दरम्यान येते. पूर्ण चार्जिंगनंतरही एखादा खण इतरांपेक्षा ०.०५ ने मागे राहत असेल तर ती बॅटरी बदलावी लागणार.

प्रश्न : आम्ही तळोदा तालुक्यातले. दिवाळी झाली की कामासाठी सुरतेला जातो आणि होळीला घरी येतो. तोवर गाडी पत्र्याच्या पडवीत उभी असते. आल्यावर बॅटरी हमखास उतरलेली असते. भाऊ घरी असतो, त्याला आठवड्यातून एकदा पाच मिनिटे गाडी चालू करायला सांगितले होते, तरी उपयोग झाला नाही.
— एक कामगार वाचक

उत्तर : आपल्या भावाने सांगितलेले केले, पण उभ्या गाडीवर पाच मिनिटे इंजिन चालवल्याने बॅटरीला मिळते त्यापेक्षा सेल्फमध्ये अधिक खर्च होते. इंजिनही पुरते तापत नाही आणि आत ओल धरते. भावाला गाडी चालवता येत असेल, तर दहा-पंधरा दिवसांनी अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणायला सांगावे. ते शक्य नसेल तर पुढील उपाय अधिक भरवशाचा आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी बॅटरी काढून पूर्ण चार्ज करावी आणि पत्र्याखाली न ठेवता घरातल्या थंड, कोरड्या कोपऱ्यात, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. जमिनीवर ठेवलेली बॅटरी उतरते ही समजूत जुन्या रबरी कवचांच्या काळातली आहे. आजच्या प्लास्टिकच्या कवचाला फरशी चालते. दिवाळी ते होळी हा काळ थंडीचा असल्याने बॅटरी हळू उतरेल, तरी पाण्याची बॅटरी महिन्यातून एकदा आणि ड्राय बॅटरी दोन महिन्यांतून एकदा चार्जिंगला लावलेली बरी. भावाला मीटर वाचता येत असेल तर एकच खूण सांगून ठेवावी : आकडा १२.४ च्या खाली गेला की चार्जिंग.

उतरलेली बॅटरी तशीच पडू देण्यात खरा धोका आहे. उतरताना पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते. लगेच चार्ज केले तर ते विरघळून परत मूळ रूपात येते. आठवडेच्या आठवडे तसेच राहिले तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि मग कोणताही चार्जर त्यांना पूर्णपणे परतवू शकत नाही. पाण्याच्या बॅटरीचे झाकण उघडून उजेडात पाहिले तर अशा पट्ट्यांवर पांढुरकी साय आलेली दिसते.

चार्जिंग कोठे करता हेही पाहावे. नियम सोपा आहे : बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्श्याइतका करंट द्यावा. ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, ९ च्या बॅटरीला ०.९ अँपिअर. तालुक्याच्या ठिकाणी काही दुकानांत ट्रॅक्टर, जीप आणि मोटारसायकल यांच्या बॅटऱ्या एका ओळीत जोडून रात्रभर एकाच चार्जरवर लावतात. ओळीत जोडल्यावर सर्वांतून सारखाच करंट जातो. ट्रॅक्टरच्या बॅटरीला जो करंट पुरेसा वाटतो, तो आपल्या छोट्या बॅटरीला उकळून काढतो. आपली बॅटरी वेगळी लावायला सांगावी, किंवा दोघा-तिघांत मिळून दुचाकीसाठीचा लहान स्वयंचलित चार्जर घ्यावा.

प्रश्न : मी धुळ्यात शिक्षिका आहे. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून यजमानांनी जीपीएस ट्रॅकर बसवून घेतला. तेव्हापासून सुट्ट्यांमध्ये गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते. बॅटरी नवी आहे, ४ अँपिअर-अवरची.
— एक वाचक भगिनी, धुळे

उत्तर : ताई, आपली बॅटरी निर्दोष असण्याची शक्यता अधिक आहे. ट्रॅकर सरासरी २० मिलीअँपिअर घेत असेल असे धरले, तर दिवसाला ०.४८ अँपिअर-अवर खर्च होतात. म्हणजे चार दिवसांत निम्मी बॅटरी गेली आणि आठ-नऊ दिवसांत संपली. मोटारीच्या मोठ्या बॅटरीला जी गळती जाणवतही नाही, ती दुचाकीला महिनाभरही सोसत नाही.

तपासणी अशी करावी. चावी काढून घ्यावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी, आणि मीटर १० अँपिअरच्या छिद्रात व त्याच पट्टीवर ठेवून त्याचे एक टोक सोडवलेल्या वायरीला आणि दुसरे निगेटिव्ह टर्मिनलला लावावे. आकडा अगदी लहान दिसला तरच मीटर मिलीअँपिअरच्या पट्टीवर न्यावा. या अवस्थेत चावी फिरवू नये आणि सेल्फ तर मुळीच दाबू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. साध्या गाडीत ही गळती एक-दोन मिलीअँपिअरपेक्षा अधिक नसावी. ट्रॅकरचा फ्यूज काढल्यावर आकडा तेवढ्यावर आला, तर कारण निश्चित झाले.

ट्रॅकर काढून टाकावा असे मी म्हणणार नाही. पुष्कळ ट्रॅकरांत गाडी उभी असताना झोपेत जाण्याची सोय असते, ती बसवणाऱ्याकडून सुरू करून घ्यावी. मोठ्या सुट्टीत बाहेरगावी जाणार असाल तर गाडी कुलूपबंद जागी ठेवून निगेटिव्ह वायर सोडवून जावे, किंवा बॅटरी सांभाळणारा स्वयंचलित चार्जर लावून ठेवावा.

प्रश्न : शेतात गाडीची बॅटरी उतरली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून सुरू करता येते का? अँपिअर जास्त असल्याने गाडी जळेल असे काही जण म्हणतात.
— युवा शेतकरी, चाळीसगाव तालुका

उत्तर : येते, अट एकच की ट्रॅक्टरचे इंजिन बंद असावे. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या असल्या की ट्रॅक्टरच्या बॅटरीची क्षमता कितीही मोठी असो, आपली सेल्फ मोटर तिला लागेल तेवढाच करंट घेते. ट्रॅक्टर चालू ठेवला तर मात्र त्याच्या अल्टरनेटरचा जोर आपल्या छोट्या बॅटरीवर आणि आरआर युनिटवर येतो.

लाल वायर आधी आपल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग ट्रॅक्टरच्या पॉझिटिव्हला लावावी. काळी वायर ट्रॅक्टरच्या निगेटिव्हला लावून तिचे दुसरे टोक आपल्या गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे, म्हणजे उडणारी ठिणगी बॅटरीतून निघणाऱ्या वायूजवळ पडत नाही. गाडी सुरू झाली की उलट क्रमाने वायरी काढाव्यात. बॅटरीला लिथियमचे लेबल असेल किंवा कवच फुगलेले वा चिरलेले असेल तर हा प्रयोग करू नये.

दोन सक्त सूचना. ट्रक किंवा बसच्या बॅटरीवरून कधीही जोडू नये, कारण त्यांची व्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असते आणि त्याने ईसीयू जळतो. आणि गाडी सुरू झाल्यावर 'आता चालू आहे ना' म्हणून बॅटरीची वायर काढू नये. चालू इंजिनावर बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतो आणि दिवे, आरआर युनिट, ईसीयू यांपैकी काहीही जाऊ शकते.

प्रश्न : घरात दोन जुन्या बॅटऱ्या पडून आहेत. भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे. द्याव्यात का?
— गृहिणी, जामनेर

उत्तर : फिरत्या भंगारवाल्याला देऊ नयेत. शिसे मिळवण्यासाठी अनेकदा अशा बॅटऱ्या उघड्यावर फोडल्या जातात, आम्ल गटारीत किंवा मातीत ओतले जाते आणि शिसे वितळवताना निघणारा धूर आसपासच्या लहान मुलांच्या शरीरात जातो. शिशाचा मुलांच्या मेंदूच्या वाढीवर गंभीर परिणाम होतो. २४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्या इतर कचऱ्यात न मिसळता वेगळ्या ठेवून योग्य ठिकाणी देणे हे ग्राहकाचे काम आहे. नवी बॅटरी विकणारा दुकानदार जुनी घेऊन किमतीत सूट देतो. नवी घ्यायची नसली तरी अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी करावी.

नेताना बॅटऱ्या उभ्या ठेवाव्यात, दोन्ही टर्मिनलांवर चिकटपट्टी लावावी आणि प्लास्टिकच्या टबात ठेवून न्याव्यात. बाहेर ओल दिसत असेल तर हातमोजे घालावेत आणि त्या जागी खाण्याचा सोडा टाकून मग पाण्याने धुवावे. आम्ल अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धूत राहावा आणि तडक डॉक्टरांकडे जावे.